नत्थुजींचं सामान

अकोल्याच्या कौलखेडमधल्या आमच्या गल्लीत मागे एक गोष्ट कानोकानी फिरली होती. नत्थुजी मोहोडांनी बँकेतल्या बाईंना दर रविवारी घरी बोलावून कसलंसं 'सामान' खाऊ घातलं आणि त्यांना वश केलं. नाहीतर, गल्ली विचारायची, वेंगुर्ल्याची शिकलेली बाई, स्वतःची पेन्शन, तिकडे समुद्राजवळ हक्काची खोली, ती सगळं सोडून अकोल्यात कशाला थांबेल? तेही मे महिन्याच्या तोंडावर, जेव्हा अकोल्याचे कावळेसुद्धा सावली बघून उडतात?

सामान नेमकं कशाचं, यावर एकमत नव्हतं. समोरच्या चतुराबाईंच्या मते ती मेळघाटातली मुळी होती, परतवाड्याच्या बाजारात कोणी म्हातारा पदराआड विकतो ती. म्हाताऱ्याला पदर कुठून आला, हे विचारायचं नाही. बंडू ऑटोवाला म्हणायचा, मुळी नाही, मांस आहे. त्याचं म्हणणं वजनदार धरलं जाई, कारण बसस्टँडवरून तो डबा त्याच्याच ऑटोतून यायचा. "गुलाबी हाय, बर्फात येते, अन् काका त्याले मांडीवर घेऊन बसते. मांडीवर, सांगून राहिलो. सोताच्या नातवाले नाही घेतलं कधी तसं." कोणीतरी किडनी हा शब्दही काढून पाहिला. पण किडनी खाऊन बाई वश होते असं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, तेव्हा तो मुद्दा मागे पडला.

आता अशी गोष्ट हाती आली की ती लगेच खोटी ठरवू नये. आधी माणूस कोण ते पाहावं.

नत्थुजी म्हणजे वीज मंडळातले निवृत्त लाइनमन. मूळचे दर्यापूरकडचे, काळ्या मातीतले. शेती भावानं धरली, यांनी खांब धरला. उंच, सडपातळ, हात लोखंडासारखे आणि बोलणं मोजकं, म्हणजे जवळजवळ नाहीच. कोणी माणूस आवडला तर त्याच्या घरी जाऊन फ्यूज बदलून देणार. कोणी नावडला तरी बदलून देणार, फक्त त्याच्याकडे चहा घेणार नाहीत. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई हयात असताना एक किस्सा नेहमी सांगायच्या. "मले पाह्याले आले तवा एक शबुद नाही बोलले. नाव नाही विचारलं, शिक्षण नाही विचारलं. बैठकीतला पंखा हळू चालून राहिला होता, थे वर पाहून राहिले. मंग उठले, त्याचं कंडेन्सर बदललं अन् गेले. बाबा म्हणे, पोरगा पसंत हाय." सुभद्राबाई सांगत आणि नत्थुजी शेजारी बसून भिंतीवरचं बटण तपासल्यासारखं करत.

सुभद्राबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा ईशान हैदराबादला नोकरीला, सून-नातू तिकडेच. घरात नत्थुजी, एक कूलर, आणि कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेला सुभद्राबाईंचा गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन. वर काचेची खिडकी असलेला, दिवाळीत नानकटाई करायचा तो. आमच्या पिढीच्या घरोघरी तो होता आणि घरोघरी तो कपाटावरच होता.

बँकेतली बाई म्हणजे अनुपमा नाबर. लग्न केलेलं नव्हतं, का नव्हतं ते गल्लीनं बराच काळ शोधून पाहिलं, मिळालं नाही. बदली होऊन अकोल्याला आल्या, दोन-तीन वर्षांत निवृत्ती, तेवढ्यासाठी पुढच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिल्या. काउंटरवर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा की रांगेत मागे उभा असलेला माणूस आपोआप सरळ उभा राहावा.

दोघांची भेट झाली नोव्हेंबरात. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. नत्थुजींनी मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं नाही म्हटलं. पुसून ठेवला, परत नाही. आयुष्यभर खांब, तारा आणि पकड धरून अंगठ्यावरच्या रेषा गेल्या होत्या.

"जुळत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हंजे मी मेलो काय?"

"मशीनच्या मते."

"अन् तुमच्या मते?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या मते रांग मोठी आहे. डोळ्यांचं मशीन तिकडे आहे, तिथे बसा."

नत्थुजी डोळ्यांच्या मशीनपुढे बसले, जिवंत ठरले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या वेळी शिडी घेऊन हजर. बाईंच्या काउंटरवरची ट्यूब लुकलुकत होती. ती काढून नवी लावली, शिडी उचलली आणि निघाले.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. लुकलुकत होती."

ज्यांना सुभद्राबाईंचा पंख्याचा किस्सा माहीत होता, त्यांच्या कानावर ही ट्यूब गेली तेव्हा त्यांनी एकमेकांकडे बघितलं. चतुराबाई म्हणाल्या, "कंडेन्सरवरून ट्यूबवर आले. पगार वाढला वाट्टे."

मग बाईंच्या घरचा गीझर बिघडला. नत्थुजींनी जाऊन नीट केला. बाईंनी त्यांना वाटीत सोलकढी दिली. नत्थुजींनी वाटीतल्या गुलाबी रंगाकडे बराच वेळ पाहिलं, एका दमात प्यायली आणि बंडूला सांगितलं की बिटाचं ताक होतं. पुढच्या पंधरवड्यात गीझर पुन्हा बिघडला. नवा गीझर असा बिघडावा याचं नत्थुजींना नवल वाटलं, पण त्यांनी नीट केला.

त्या दुसऱ्या खेपेला बाई सहज बोलून गेल्या. "अकोल्यात सगळं मिळतं हो. फक्त रावस मिळत नाही. इथला रोहू-कतला मला जात नाही, चिखल लागतो." आज ऊन फार आहे, असं जसं आपण म्हणतो, तशा म्हणाल्या. त्यांना काही हवं होतं असं नाही.

पण नत्थुजींच्या दृष्टीनं हा बिघाड होता, आणि बिघाड ऐकून घरी बसणारा माणूस तो नव्हे. दुसऱ्या दिवशी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या मासळीबाजारात गेले. मासेवाला म्हणाला, "रावस? मरळ है, रोहू है, कतला है। रावस यहाँ कौन पूछता, चाचा." नत्थुजी स्वतः मटण खाणारे, पण माशाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. काट्यांची भीती. त्यांनी ईशानला फोन लावला.

"बाबा, तुम्ही मासे कधीपासून खायला लागले?"

"तुले विचारलं थे सांग. रावस कोठी भेटते?"

ईशाननं मोबाइलवर शोधलं. "रावस म्हणजे इंडियन सॅमन."

"इंडियन?"

"हो. असंच लिहिलंय. इंडियन सॅमन."

"म्हंजे असली येगळा असते."

"असली म्हणजे, नॉर्वेचा वगैरे असतो. पण बाबा, तो फार..."

"मंग थोच पाहा. इंडियन नको."

इथे चूक झाली, आणि ती अशी चूक होती जी लाइनमनच करू शकतो. सगळी नोकरी या माणसानं दोन प्रकारचे सुटे भाग हाताळले होते, लोकल आणि ओरिजिनल. लोकल म्हणजे नक्कल, पहिल्या पावसात जळणारी. ओरिजिनल म्हणजे बाहेरून आलेला, टिकणारा. तेव्हा इंडियन सॅमन ही नक्कल आणि नॉर्वेचा तो ओरिजिनल, हे त्यांनी क्षणात ठरवलं. रावस हा स्वतंत्र मासा आहे, सॅमन हे त्याला नुसतं चिकटवलेलं नाव आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. बाईला नक्कल कशाला द्यायची, एवढाच त्यांचा विचार.

नागपुरात ईशानचा एक मित्र हॉटेलांना माल पुरवायचा. त्यानं बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या डब्यातून ट्रॅव्हल्सच्या बसनं तुकडे पाठवायचं कबूल केलं. रविवारी सकाळी बंडूचा ऑटो घेऊन नत्थुजी बसस्टँडवर जात आणि डबा मांडीवर घेऊन येत.

राहिला शब्दाचा प्रश्न. सॅमन हा शब्द नत्थुजींच्या तोंडात काही केल्या बसेना. तो तिथे सामन झाला. त्यात खांबावरून खाली ओरडून ओरडून त्यांना फोनवरही ओरडायची सवय. चतुराबाई अंगणात मिरच्या वाळवत होत्या, त्यांच्या कानावर शनिवारी संध्याकाळी पडलं ते असं: "सामान निंगालं काय? बर्फ बम भरा. गुलाबी पायजे, मागच्या वक्ती कडेनं पांढरं पडलं होतं. अन् बसवाल्याले सांगू नका आत काय हाय थे, तो नाही नेत."

आता सांगा, मिरच्या वाळवणाऱ्या बाईनं यातून काय समजायचं?

त्याच्या आधी एकदा नत्थुजी स्वतः चतुराबाईंच्या दारात आले होते. "वहिनी, एकतारी पाक कसा ओळखाचा?"

"कायले पायजे?"

"असाच."

"एकटा माणूस असाच पाक करते काय, भाऊजी?"

नत्थुजी चतुराबाईंच्या दारावरची घंटी दुरुस्त करून निघून गेले. त्या घंटीची काही तक्रार नव्हती.

पाकाचं कारण साधं होतं. ईशाननं ओव्हनमध्ये सॅमन भाजायचा एक हिंदी व्हिडिओ पाठवला होता, त्यात ग्लेझ, ग्लेझ असं सारखं येत होतं. नत्थुजींना ते गेज, म्हणजे तारेची जाडी, असं ऐकू आलं. फोन केला: "अरे, किती गेज लावाचं? सोळा का अठरा?" ईशानला आधी काही कळेना, मग तो हसायला लागला. "बाबा, तार नाही. ग्लेझ. माशावर लावायचा चकाकता पाक."

"मंग पाक म्हण ना लेका."

कपाटावरचा ओव्हन उतरवून पहिला मासा त्यांनी मटणासारखा शिजवला. मांस म्हटलं की तासभर, हा वऱ्हाडी हिशेब. तासाभरानं झाकण उघडलं तर आत काथ्याची गादी होती, कडांना दह्यासारखं पांढरं काहीतरी फुटून आलं होतं आणि पाक जळून कोळसा. गल्लीतल्या मांजरीनं तो तुकडा हुंगला आणि ती चतुराबाईंकडे दूध प्यायला गेली. त्या रविवारी जेवायला बोलावलेल्या बाईंना निरोप गेला की ओव्हनमध्ये बिघाड आहे.

ओव्हनमध्ये बिघाड नव्हता, पण खालूनच धग येणारा तो ओव्हन माशाला कामाचा नाही हे नत्थुजींच्या लक्षात आलं. त्यांनी तो उघडला. जुन्या शेगडीची कॉइल झाकणात बसवली, तिला वेगळं बटण दिलं, इस्त्रीतला थर्मोस्टॅट लावला. सुभद्राबाईंच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये आता आतली हवा नत्थुजींच्या शब्दावर तापत होती. पुढे दोन-तीन तुकडे वाया गेले आणि मग हात बसला.

नत्थुजी करायचे ते असं. डब्यातून काढलेला तुकडा फडक्यानं टिपून अगदी कोरडा करायचा, मीठ लावून बाहेर थोडा विसावू द्यायचा. तोवर छोट्या कढईत चिखलदऱ्याकडचा मध, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून वाटीत मागून आणलेला सोया सॉस, ठेचलेला लसूण, आलं, आणि वऱ्हाडी हात आवरला नाही म्हणून चिमूटभर तिखट, हे मंद आचेवर आटवायचं. बोटांत धरून ओढलं की तार तुटायच्या आत थांबायचं, वरून लिंबू पिळायचं. तुकडा कातडीच्या बाजूनं तव्यावर बसवून तापलेल्या ओव्हनमध्ये. काचेतून पाहायचं. गुलाबी रंग बाहेरून फिका होत आत सरकतो. अर्ध्यात झाकण उघडून पाकाचा एक हात, थोड्या वेळानं दुसरा, आणि अगदी शेवटी वरची कॉइल लावायची. पाक फुगतो, बुडबुडे येतात, कडेनं तपकिरी होतो, आणि नव्या वार्निशच्या लाकडासारखा मासा चमकायला लागतो. चमच्याच्या टोकानं जरा दाबलं की पाकळ्या सुटतात. सुटल्या की लगेच बाहेर, एक क्षण जास्त नाही. वास मात्र अख्ख्या गल्लीत. लसूण, मध आणि काहीतरी परकं.

पहिल्यांदा बाई जेवायला आल्या त्या रविवारी नत्थुजींनी ताटात ज्वारीची भाकर, कांदा, आणि मधोमध तो चमकता तुकडा ठेवला. स्वतःच्या ताटात पिठलं. काट्यांची भीती कायम.

बाईंनी ताटाकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"रावस. ओरिजिनल."

वेंगुर्ल्याच्या बंदरावर लहानाची मोठी झालेली बाई. तिला रावस ओळखायला चव लागत नाही, लांबून पुरतं. ताटातला मासा रावस नाही हे त्यांना बसल्या क्षणी कळलं. पण समोर नत्थुजी मांडीवर हात ठेवून असे पाहत होते जसे नवी लाइन टाकल्यावर पहिला दिवा लागतो का ते पाहतात. बाईंनी भाकरीच्या कडेनं वरचा पाक हळूच बाजूला सारला, एक घास घेतला आणि म्हणाल्या, "मऊ झालाय."

नत्थुजींना तेवढं पुरलं. पुढच्या रविवारी पुन्हा डबा आला, त्याच्या पुढच्याही. अख्खा हिवाळा गेला. बाई येताना सोलकढी आणत, नत्थुजी ती पीत. जेवून झाल्यावर बाई बँकेतल्या गमती सांगत, नत्थुजी ऐकत आणि मधेच उठून काहीतरी दुरुस्त करत. बाईंच्या घड्याळाचा सेल बदलला, छत्रीची काडी बसवली, पर्सची चेन नीट केली. गीझरही मधूनमधून बिघडत राहिलाच.

एका रविवारी चतुराबाईंना राहवेना. विरजण मागायच्या निमित्तानं त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. ओट्यावर गुलाबी मांसाचा तुकडा, शेजारी काळपट पाक, आणि ओव्हनमध्ये लाल झालेली कॉइल.

"हे काय हाय, भाऊजी?"

"सामन," नत्थुजी म्हणाले.

चतुराबाईंना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं आणि विरजण न घेताच त्या परतल्या. सोमवारी त्या पासबुक घेऊन बँकेत गेल्या. काउंटरवर वाकून म्हणाल्या, "बाई, रागावू नका, मी मोठ्या बहिणीसारखी सांगून राहिली. त्याच्या घरचं खाऊ नका. त्यात सामान असते."

"कसलं?"

"असते म्हणलं ना."

"मीठ असतं. कधी कधी जास्त होतं," बाई म्हणाल्या आणि पासबुकावर शिक्का मारला.

एप्रिलअखेर बाईंची निवृत्ती होती. वेंगुर्ल्याला भावानं त्यांची खोली रंगवून ठेवली होती, तसा फोनही आला होता. बाईंनी घरमालकाला सांगितलं, टेम्पो ठरवला. नत्थुजींना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिकडे प्लगची पिन येगळी असते काय?" बाई म्हणाल्या, नाही, सारखीच. तरी त्यांनी बाईंच्या मिक्सरला नवी वायर बसवून दिली, पंखा उतरवून पुठ्ठ्यात बांधला, इस्त्री, रेडिओ, सगळं तपासून दिलं. माणूस जायला निघालाय आणि हा त्याची वाट गुळगुळीत करतोय, असं दृश्य होतं.

बंडूला ते बघवेना. बसस्टँडवरून येताना त्यानं ऑटो कडेला लावला.

"काका, सांगून टाका ना बाईले."

"काय सांगू?"

"राहा म्हणा."

"आपुन कोण म्हणणारे बे? तिचं घर हाय, भाऊ हाय, समुद्र हाय. इथं काय हाय?"

"तुमी हाय ना."

"मी त लाइनमन. चाल, बर्फ वितळून राहिला."

नत्थुजींचा असा समज होता की सांगायचं ते मासा सांगेल. शेवटच्या रविवारी त्यांनी सगळ्यात जाड तुकडा मागवला. पाकात मध नेहमीपेक्षा थोडा जास्त घातला. दुपारी बाई आल्या, खुर्चीवर बसल्या. मासा ओव्हनमध्ये गेला, पाकाचा पहिला हात झाला, आणि लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला. ओव्हनची कॉइल लालची काळी झाली. नत्थुजींनी बाहेर जाऊन वर पाहिलं, आत येऊन जुन्या एका साथीदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, वरूनच गेली हाय. तासभर तरी नाही येत." चाळीस वर्षं ज्यानं इतरांच्या घरी लाइट आणली त्याच्या घरी, नेमक्या त्या दुपारी, करण्यासारखं काही नव्हतं. मासा मधे कच्चा. हातात पकड नाही, पेचकस नाही. ते बाईंसमोर बसले.

"झालाय तेवढा वाढा," बाई म्हणाल्या.

"मधात कच्चा हाय."

"मग राहू दे." बाईंनी पदरानं वारा घेतला. "मोहोड, एक सांगू का? तो रावस नाही."

"ओरिजिनल हाय."

"ओरिजिनल असेल. रावस नाही. तो परदेशातला सॅमन. रावस वेगळा मासा."

"पोरानं मोबाइलमंधी पाहून सांगितलं. इंडियन सामन म्हंजे रावस."

"म्हणतात तसं. त्या कोपऱ्यावरच्या चायनीजवाल्याचा चीनशी जेवढा संबंध, तेवढा रावसाचा याच्याशी."

नत्थुजींनी ओव्हनच्या काचेतून आत पाहिलं. "कवापासून मालूम हाय तुमाले?"

"पहिल्या रविवारपासून."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही समोर बसून बघत होतात."

"आवडत होता काय पण?"

"नाही. मासा कधी गोड असतो का?"

"पूर्ण हिवाळा खाल्ला तुमी."

"खाल्ला."

"कायले?"

"रविवारी यायला काहीतरी कारण लागतं ना. गीझर मी किती वेळा बिघडवणार?"

नत्थुजींना हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी सवयीनं वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, त्यात त्यांचा काही इलाज नव्हता. मग त्यांनी खाली पाहिलं.

"मंग जाऊन काहून राहिल्या?"

"कोणी राहा म्हटलं नाही."

"मी म्हणून राहिलो ना."

"कधी म्हणालात?"

"आता म्हणतो. राहा."

"बरं," बाई म्हणाल्या.

दोघांनी पिठलं-भाकर खाल्ली. अर्धा कच्चा मासा लाइट आल्यावर नत्थुजींनी पूर्ण भाजला आणि बंडूला दिला. बंडूनं आधी तो उलटसुलट करून पाहिला, मग खाल्ला आणि म्हणाला, "गोड हाय बाप्पा. जिलबीसारखा." त्याला काही झालं नाही. तो कोणाला वश झाल्याचंही दिसलं नाही.

हे सगळं बोलणं शब्दन् शब्द बाहेर कसं आलं, ते सांगतो. चतुराबाई तेव्हा कुंपणापाशी उभ्या होत्या. एरवी नत्थुजींच्या कूलरच्या घरघरीत आतलं काही ऐकू यायचं नाही, त्या दुपारी तो बंद. त्यांनी पहिल्या शब्दापासून 'बरं'पर्यंत सगळं नीट ऐकलं, आणि बऱ्याच दिवसांनी मला तसंच्या तसं सांगितलंही. पण एवढ्याशा 'राहा'वर एक बाई घरदार सोडून थांबते, हे त्यांच्या मनाला पटेना. मोठ्या गोष्टीला मोठं कारण हवं. त्यांनी त्या संध्याकाळी ओट्यावर बसून गोष्ट सांगितली ती मुळीची, आणि आमच्यासारख्यांनी ती पुढे नेली, कारण तिला चव होती.

टेम्पो रद्द झाला. वेंगुर्ल्याच्या भावानं फोनवर आरडाओरड केली, मग गणपतीला येऊन दोघांना बघून गेला आणि जाताना नत्थुजींकडून आपल्या मोबाइलचा चार्जर दुरुस्त करून घेऊन गेला. त्याआधी जूनमध्ये नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. ईशान सहकुटुंब आला. साक्षीदार म्हणून बंडूनं सही केली आणि चतुराबाईंनीही केली. सही करून बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "मुळी लय जालीम हाय."

खरी गोष्ट अशी. सामान म्हणजे सॅमन नावाचा मासा होता. तो बाईंना आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. नत्थुजींनी राहा म्हटलं, म्हणून त्या राहिल्या.